एदोची जपानी ठसाचित्रं : त्यात दिसणारं शहर खरं किती?

सोनचाफा
जपानी चित्रकार हिरोशिगेची 'एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं' ही लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांची मालिका सध्या एकेक चित्र करत बघते आहे. ब्रुकलिन म्युझियमकडे अख्खा संच आहे आणि तो संकेतस्थळावर मोठा करून बघता येतो. नावात शंभर असले तरी हिरोशिगेच्या हातची चित्रं ११८ आहेत, बहुतेक १८५६ ते १८५८ मधली. एदो म्हणजे आजचं टोकियो. अठराव्या शतकातच या शहराची वस्ती दहा लाखांवर गेली होती.

चित्रं बघताना जीव हरखतो, पण एक प्रश्न पाठ सोडत नाही. पूल नीटनेटके, नद्या निळ्याशार, माणसं आपापल्या कामात, फार तर एखादी पावसाची सर. दहा लाखांच्या शहरात घाण नाही? भांडण नाही? उपाशी माणूस नाही? ही चित्रं म्हणजे 'एदोच्या रोजच्या जगण्याचा आरसा' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला तो आरसा वाटत नाही. हे शहर गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी नटवलेलं आहे असं वाटतं. तुमचं काय मत? आणि तुम्हाला अगदी खरी वाटणारी चित्रं असतील तर तीही सांगा.

चहाबाज
उत्तम धागा. मी चहा टाकून येतो, तोवर कुणी भांडू नका.

बोरूबहाद्दर
सोनचाफा, तुमची शंका रास्त आहे. ही चित्रे म्हणजे बाजारातला माल होता, हे आधी ध्यानात घ्यावे. चित्रकार, कोरणारा, छापणारा अशी तीन माणसे आणि त्यांच्यावर प्रकाशक. पैसा प्रकाशकाचा, विषयही बहुधा त्यानेच ठरवलेला. या मालिकेचा प्रकाशक उओया एइकिची. 'कान्दा, कोन्याचो' हे रंगाऱ्यांच्या आळीचे चित्र उघडून पाहा. उंच बांबूंवर निळ्या-पांढऱ्या कापडाचे लांबलचक पट्टे वाळत आहेत, त्यांच्या फटीतून दूरवर फुजी पर्वत दिसतो. त्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांवर काय आहे? एकावर प्रकाशकाच्या नावातले अक्षर आणि दुसऱ्यावर हिरोशिगेची स्वतःची खूण!

'सुरुगाचो' या चित्रात रस्त्याच्या दोन्ही अंगांना एचिगोया हे कापडाचे दुकान आहे. ठरलेला भाव, रोख पैसे, घासाघीस नाही, अशी त्याची ख्याती. १६७३ साली निघालेली ही पेढी आज मित्सुकोशी या नावाने चालू आहे. चित्रात फुजी नेमका दुकानाच्या दोन रांगांच्या मधोमध, डोक्यावर बसवलेला. याला जाहिरात म्हणायचे नाही तर काय?

किंमतही पाहा. साध्या सोबा शेवयांचा वाडगा १६ मोनला (मोन म्हणजे तेव्हाचे सुटे नाणे) मिळे आणि रंगीत चित्र त्याच्या आसपास, फार तर थोडे महाग. गावाकडून आलेला माणूस परत जाताना घरच्यांसाठी घेऊन जाई. वजनाला हलके, गुंडाळी करून पडशीत मावणारे. अशा चित्रात कोण उकिरडा दाखवील?

खोडरबर
बोरूकाका, उकिरडा नाही पण शेण नक्की दाखवलंय. 'योत्सुया, नाइतो शिंजुकु' बघा. घोड्याचं ढुंगण आणि मागचे पाय चित्राच्या निम्म्या भागात. खुरांना गवताचे जोडे, खाली रस्त्यावर लीद. हे आजचं शिंजुकु बरं का, जिथे आता माणसांना पाय ठेवायला जागा नसते.

आणि घाण नव्हती याला दुसरंही कारण आहे. एदोत मैला फेकत नसत, विकत. आसपासचे शेतकरी खतासाठी पैसे मोजून किंवा भाजीपाला देऊन घेऊन जायचे. चाळमालकाचं ते उत्पन्न होतं. त्या काळच्या लंडनशी ताडून बघितलं तर एदोचे रस्ते चित्राइतके नाही तरी बऱ्यापैकी स्वच्छ असणार.

चहाबाज
चहा टाकला आणि इथे लीद, मैला. ठेवतो कप बाजूला.

ठसेवाली
मी लाकडी ठशांचं काम करते, म्हणून दोन गोष्टी कारागिराच्या बाजूने.

'चित्रकाराने जे पाहिलं ते काढलं' असं इथे होतच नाही. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेषांचं चित्र काढून देतो. कोरणारा तो कागद पालथा करून जंगली चेरीच्या फळीवर खळीने चिकटवतो आणि त्यातूनच कोरतो. म्हणजे मूळ चित्र कोरण्यातच संपतं. मग रेषांच्या ठशाच्या प्रती काढायच्या, त्यांवर चित्रकार कुठे कोणता रंग ते सांगणार, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाणार. १७६५ च्या सुमाराला चित्रकार हारुनोबुच्या काळात असं पूर्ण रंगीत काम रुळलं.

सगळे रंग जागच्या जागी बसतात ते ठशाच्या कोपऱ्यातल्या दोन खुणांमुळे. एक काटकोनात कोरलेली, दुसरी सरळ. ओलसर कागदाचा कोपरा पहिल्या खुणेत टेकवायचा, कड दुसरीला लावायची, अंगठा तसाच धरून कागद हलकेच सोडायचा. मग बांबूच्या पानात बांधलेल्या गोल गादीने पाठीमागून घासायचं. कागद आदल्या रात्री ओला करून दाबून ठेवावा लागतो, कारण थोडा जरी सुकला तरी आक्रसतो आणि रंग रेषेबाहेर जातो. हे सगळं अजून असंच चालतं. माझा अंगठा अजूनही चुकतो त्या जुन्या कारागिरांच्या मानाने, पण खूण मात्र तीच.

आता 'शिन-ओहाशी पुलावरची अचानक सर' बघा, व्हॅन गॉगने १८८७ मध्ये रंगवून नक्कल केली ते. त्या पावसाच्या रेषा दोन वेगळ्या ठशांवर आहेत, दोहोंचा कल किंचित वेगळा. म्हणून सर अंगावर येते. केसाएवढी बारीक रेषा लाकडात उभी ठेवायची म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं! आणि वरचं काळं आभाळ छापणाऱ्याने दर वेळी ओल्या ठशावर हाताने रंग पुसून उतरवलेलं आहे. त्यामुळे एका प्रतीत ढग दाट, दुसरीत विरळ.

म्हणून 'खरं की खोटं' हा प्रश्न एकट्या हिरोशिगेला विचारून भागणार नाही. त्या सरीत चार माणसांचे हात आहेत.

सोनचाफा
ठसेवाली, हे वाचून मी ते चित्र परत उघडलं. पुलावरची माणसं कशी डोकी खाली घालून पळताहेत! छत्री, गवती चटई, हाताला लागेल ते डोक्यावर. ही लगबग पाहिल्याशिवाय सुचणार नाही असं वाटतं. पण मुद्दा पूर्ण पटलेला नाही अजून.

निशिकासाईकर
टोकियोतून हजेरी. आमच्याकडे एदोगावा भागात भारतीय वस्ती मोठी आहे, मराठी घरंही बरीच. तोझाई लाइनने निशि-कासाईहून शहरात निघालं की वाटेत किबा, निहोनबाशी ही स्टेशनं लागतात. म्हणजे अर्धी मालिका कामावर जाता-येताच ओलांडली जाते. किबा म्हणजे लाकडाच्या वखारींची जागा, हिरोशिगेने बर्फात काढली आहे. ओंडके पाण्यात तरंगताहेत आणि कोपऱ्यात एक छत्री.

निहोनबाशीचा लाकडी पूल कधीच गेला. आताचा दगडी पूल १९११ चा, आणि ऑलिंपिकच्या आधी १९६३ मध्ये त्याच्या डोक्यावर द्रुतगती मार्ग बांधला. फुजी सोडा, आकाशसुद्धा दिसत नाही. तो रस्ता आता जमिनीखाली न्यायचं काम चालू आहे.

सोनचाफा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर फुकागावा एदो म्युझियममध्ये मिळेल. कियोसुमि-शिराकावा स्टेशनपासून चालत जाता येतं. आत जुनी वस्ती खऱ्या मापाची उभी केली आहे, त्यात चाळीच्या खोल्या आहेत. साध्या माणसाची खोली साधारण पावणेतीन बाय साडेतीन मीटर, त्यातच चूल आणि उंबरठ्याजवळ पाण्याचा माठ. संडास आणि विहीर सामाईक. शहराची जवळपास ७० टक्के जमीन सामुराईंकडे, उरलेल्यात देवळं आणि मग हे सगळे लोक. एदोतली बरीचशी साधी माणसं असल्या खोल्यांत राहिली आणि हिरोशिगेच्या ११८ चित्रांत चाळीच्या आतली गल्ली शोधून दाखवा. त्याने पूल, नदी, देऊळ, मोठा रस्ता दाखवला. हे सगळं खरंच आहे, पण शहराचा तो दर्शनी भाग.

मंद्रसप्तक
घरातलं बघायचं तर हिरोशिगेकडे कशाला जाता? त्याच्या आधीच्या पिढीतल्या उतामारो या चित्रकाराकडे या. त्याचं स्वयंपाकघराचं चित्र आहे, दोन कागदांवर जोडून. एक बाई फुंकणीने चूल फुंकतेय, दुसरीच्या डोळ्यांत धूर गेलाय आणि तिने तोंड वेडंवाकडं केलंय, पाठीशी पोर लोंबतंय, बाजूला एकजण वांगं सोलतेय. धुराने आलेलं ते तोंड बघून माझी आई म्हणाली, "ही खरी बाई." कियोनागा या चित्रकाराचं बायकांच्या न्हाणीघराचं चित्रही तसंच. आगीच्या भीतीने घराघरात न्हाणी नसायची, सगळे सार्वजनिक न्हाणीत. हे चित्र फ्रेंच चित्रकार देगाने आपल्या झोपायच्या खोलीत लावलं होतं, आता ते बोस्टनला आहे.

ओवी
मंद्रसप्तक, स्वयंपाकघराचं चित्र मलाही अतोनात आवडतं. पण उतामारोचं नाव झालं ते योशिवाराच्या बायकांच्या चित्रांवर, आणि तिथे मला तुमच्याशी वाद घालायचा आहे.

योशिवारा म्हणजे खंदक आणि भिंतीने वेढलेली, एकच दरवाजा असलेली वेश्यावस्ती. आई-बापांनी कर्जापायी विकलेल्या मुली लहानपणी तिथे यायच्या. चित्रात त्यांची वस्त्रं, केसांतले काटे, हातातलं पत्र. बघणाऱ्याला वाटावं की राण्याच. मिनोवामधल्या जोकान-जी देवळात कुणी वारस नसलेल्या या बायकांचे देह आणून टाकत, म्हणून लोक त्याला 'फेकून देण्याचं देऊळ' म्हणत. तिथे सुमारे २५ हजार बायका पुरल्या असं सांगतात. बऱ्याच विशीतच गेलेल्या. उतामारोच्या एकाही चित्रात आजारी चेहरा नाही. ही चित्रं त्या धंद्याची जाहिरात होती आणि त्यात चित्रकार, प्रकाशक सगळ्यांचा वाटा होता. प्रकाशक त्सुताया जूझाबुरोचा जन्मच योशिवारात झाला, तो तिथल्या बायकांच्या नावांची माहितीपुस्तकं छापायचा. 'रोजचं जगणं' म्हणून हे कौतुकाने बघायला मला जमत नाही.

मंद्रसप्तक
ओवी, जाहिरात होती हे मान्य. पण उतामारोने सगळ्या बायका तिथल्याच नाही काढल्या. नानिवाया ओकिता ही असाकुसाच्या चहाच्या टपरीवरची मुलगी, ताकाशिमा ओहिसा तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांच्या दुकानातली. साध्या मुली, पण चित्रामुळे शहरभर नाव. ते सरकारला खटकलं आणि १७९३ मध्ये चित्रावर अशा मुलींची नावं लिहायला बंदी आली. मग उतामारोने कोपऱ्यात छोट्या छोट्या वस्तूंचं कोडं काढायला सुरुवात केली, ते सोडवलं की नाव कळायचं. १७९६ ला त्यावरही बंदी. पुढे १८०४ मध्ये हिदेयोशी या सोळाव्या शतकातल्या राज्यकर्त्याच्या चित्रांवरून त्याला ५० दिवस बेड्या पडल्या आणि दोन वर्षांत तो गेला. सरकारला इतकं लागलं, म्हणजे त्या चित्रांत काहीतरी खरं होतंच ना?

ओवी
सरकारला लागलं म्हणजे बायकांचं दुःख त्यात आलं असं होत नाही. पण वस्तूंच्या कोड्याचं माहीत नव्हतं, छान सांगितलंत.

योशिवाराचं एकच चित्र मला प्रामाणिक वाटतं आणि ते हिरोशिगेचंच आहे. 'असाकुसाची भातशेतं आणि तोरिनोमाचीची जत्रा'. खिडकीच्या गजांशी आखूड शेपटीचं पांढरं मांजर बसलंय, बाहेर बघतंय. दूर शेतातून जत्रेची माणसं मुंगीएवढी चालली आहेत, मागे फुजी, संध्याकाळचं आभाळ. खिडकीच्या कट्ट्यावर तोंड धुवायचा वाडगा आणि हातपुसणं. खाली डावीकडे पडद्याची कड तेवढी दिसते, तिच्याजवळ केसांत खोवायचे काटे मांडून ठेवलेत. जत्रेत नशीब ओढून आणायला दाताळं विकत मिळतं ना, त्याच आकाराचे. गिऱ्हाइकाने जत्रेतून आणलेली भेट. जत्रेच्या दिवशी योशिवारात गिऱ्हाइकांची झुंबड असायची. बाई आणि गिऱ्हाईक दोघंही चित्रात नाहीत. बाहेर बघण्याची मुभा आहे ती मांजराला.

खोडरबर
ओवी __/\__ मांजराचं गोजिरवाणं चित्र म्हणून हे माझ्या फोनवर लावलेलं आहे. आता वेगळ्याच नजरेने बघेन.

चहाबाज
मांजरांवरून आठवलं, हिरोशिगेच्याच काळातल्या कुनियोशी या चित्रकाराने तर मांजरांनाच कपडे घालून शहर वसवलं. जगात सर्वात आधी मांजरांचे मीम जपान्यांनी केले असा माझा ठाम दावा आहे.

बोरूबहाद्दर
चहाबाज, कुनियोशीची गंमत गंभीर होती. सरकारच्या १८४२ च्या सुधारणांत नट आणि वेश्यांची चित्रे बंद केली गेली. त्याने काही वर्षांनी काय केले, तर कोठाराच्या भिंतीवर पोरांनी खिळ्याने रेघोट्या माराव्यात तसे चित्र काढले. त्या रेघोट्या म्हणजे तेव्हाच्या नटांचे चेहरे! मधेच एक नाचणारे मांजर. सेन्सॉरला सांगायचे, ही तर भिंत आहे. पण भिंतीवर लोक कसे गिरगटत होते, हेही त्यातून आपल्याला आयते कळते.

पाऊलखुणा
उशिरा आलो, पण कुणीच भूकंपाचं बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं.

११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदोत मोठा भूकंप झाला. पाठोपाठ आगी, हजारो माणसं मेली. हिरोशिगेची मालिका त्यानंतर काही महिन्यांतच सुरू झाली. तो स्वतः सरकारी आगविझव्यांच्या घराण्यातला, कोवळ्या वयात बापाची नोकरी त्याच्याकडे आली होती. जळलेलं शहर त्याच्याइतकं कुणी पाहिलं असणार? तरी मालिकेत एक पडकी भिंत नाही. असाकुसाच्या बर्फातल्या देवळाच्या चित्रात मागे लाल पॅगोडा आहे. भूकंपात त्याचा कळस वाकला होता, तो दुरुस्त झाल्यावर हे चित्र आलं, आणि ते त्या दुरुस्तीच्या आनंदाचं आहे असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे हे नटवलेलं शहर नसून पुन्हा उभं राहिलेलं, किंवा उभं राहावं असं वाटणारं शहर आहे. सोनचाफा, तुमच्या प्रश्नाकडे मी या बाजूने बघतो.

त्याच वेळी त्याच बाजारात दुसरी चित्रंही होती. भूकंप जमिनीखालच्या प्रचंड मागुरमाशामुळे होतो अशी समजूत. भूकंपानंतर काही दिवसांतच मागुरमाशाची चित्रं शेकड्यांनी निघाली. चित्रकाराचं नाव नाही, सेन्सॉरचा शिक्का नाही. एकात लोक माशाला बडवताहेत आणि सुतार, गवंडी, छप्परवाले मात्र मागून त्याला वाचवायला धावताहेत, कारण घरं पडली म्हणून त्यांना काम मिळालं. दुसऱ्यात धनिक माणसाला सोन्याची नाणी ओकायला लावलंय. साधारण दोन महिन्यांत सरकारने ती बंद पाडली. राग, भीती, कुणाचं फावलं, कुणाचं बुडालं, सगळं त्यांत आहे. तुम्ही म्हणता तो उपाशी माणूस हवा असेल तर शिक्का नसलेल्या चित्रांत शोधा.

सोनचाफा
पाऊलखुणा, हे फारच महत्त्वाचं सांगितलंत. शिक्का असलेली आणि नसलेली, या भेदाचा विचारच केला नव्हता.

खोडरबर
शिक्क्यांवरून थोडं अवांतर. विकत घ्यायला जाणाऱ्याने आधी ते बघावेत का?

ठसेवाली
बघावेत. या मालिकेच्या बहुतेक चित्रांवर 'तपासलं' असा सेन्सॉरचा शिक्का आणि वर्ष-महिन्याचा शिक्का असतो, म्हणून तर कोणतं चित्र कोणत्या महिन्यातलं ते सांगता येतं. पण नंतरच्या नकलांवरही ते कोरलेले असतात, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. कागद पालथा करून बघा. घासण्याने रंग मागच्या बाजूला उतरलेला हवा, कागदात धागे दिसायला हवेत. मशीनवर छापलेल्या चित्रात भिंगाखाली ठिपके दिसतात. आणि माझं ऐकाल तर जुन्याच्या मागे न लागता टोकियोतल्या कार्यशाळांत आजही हाताने कोरून-छापून होणाऱ्या नव्या प्रती घ्या. तो निळा रंग पहिल्या दिवशी कसा दिसत होता ते त्यातच कळतं. युरोपातून आलेला हा निळा रंग १८३० च्या सुमाराला तिथे स्वस्त झाला. जुन्या प्रतींत तो टिकलाय, पण बरेच लाल-जांभळे उडून गेलेत.

निशिकासाईकर
+१. आणि बर्फातल्या बिकुनि पुलाचं चित्र घ्या असं सुचवतो. डावीकडे 'डोंगरी देवमासा' अशी मोठ्ठी पाटी आहे. ती रानडुकराच्या मटणाची! चारपायी जनावर खाणं धर्माला धरून नव्हतं, मग मासा म्हणून खायचं. उजवीकडे भाजलेल्या रताळ्यांचं दुकान. असली पाटी कुणी कल्पनेने काढत नाही.

चहाबाज
ही युक्ती श्रावण सुरू व्हायच्या आधी सांगायला हवी होती.

बोरूबहाद्दर
निशिकासाईकर, ही पाटी पाहून मला माझ्या आधीच्या प्रतिसादात भर घालावीशी वाटते. प्रकाशक विषय ठरवतो, सेन्सॉर तो तपासतो, पण पाटी, लीद, वाळत घातलेले कापड, खिडकीतला वाडगा या गोष्टी कुणी सांगून येत नाहीत. चित्राच्या मध्यभागी बाजार असतो. खरे शहर पाहायचे तर चित्राच्या कडा पाहाव्यात.

ओवी
कडांचं पटलं. पण पडद्यामागची बाई कडेलाही नव्हती, हेही लक्षात राहू दे.

सोनचाफा
ओवी, राहील.

मी आता मालिका पहिल्यापासून परत बघायला घेतली आहे, दर चित्राचा खालचा अर्धा भाग आधी. पावसाच्या चित्रात पुलाखाली तराफ्यावरचा एकटा माणूस मला पहिल्या खेपेला दिसलाच नव्हता. पूल सुटत नाही, पाऊस थांबत नाही, तो आपला तराफा रेटतोय. कुणाकडे कोबायाशी कियोचिकाबद्दल माहिती आहे का? १८७६ पासून त्याने गॅसच्या दिव्यांचं, रेल्वेचं टोकियो काढलं, म्हणजे हेच शहर वीसेक वर्षांनी. त्यावर वेगळा धागा निघायला हवा.

पाऊलखुणा
काढतो. १८८१ च्या आगीची त्याची चित्रंही त्यात घेईन, तिथे जळतं शहर समोरासमोर आहे. रविवारपर्यंत वेळ द्या.

चहाबाज
चहा तयार ठेवतो.